माहेरचा पगार

माझी ओटी दोनदा भरली. एकदा घरी, सासूबाईंनी, आणि एकदा कामाच्या ठिकाणी, मालकिणीनं. दुसऱ्या ओटीत माझी नोकरी गेली आणि ते मला घरी येऊन साडी बदलेपर्यंत कळलंसुद्धा नाही.

मालवणपासून फार लांब नाही, समुद्राला लागून एक पर्यटक निवास आहे. खाली जेवणाची खोली, वर राहायच्या खोल्या, मागे नारळाची बाग आणि पुढे वाळू. मी अजूनही तिथंच काम करते, म्हणून नावगाव सांगत नाही. मी ऑफिसात बसते असं आमच्या वाडीत म्हणतात. ऑफिस म्हणजे जिन्याखालचं टेबल आणि एक फोन. खोल्यांचं बुकिंग घ्यायचं, पाहुण्यांना चाव्या द्यायच्या, 'सुरमई आहे का, पापलेट आहे का' या प्रश्नांना न कंटाळता उत्तरं द्यायची, आणि स्वयंपाकघरात कोणी आलं नसेल तर पदर खोचून पोळ्याही लाटायच्या. लग्नाआधीपासून मी तिथं होते.

मालक आमच्याच वाडीतले. नात्याचे नाहीत, पण सगळे त्यांना काका म्हणतात, आणि त्यांच्या बायकोला काकी. काका अबोल माणूस. काहीही विचारलं की 'तुजी काकी काय म्हणता ता बघ' एवढंच त्यांचं उत्तर. काकी मात्र बोलायला मोकळी, हाताची सढळ. माझ्या सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा रोज डबा हिनंच पाठवला. मला दिवस गेले हे घरच्यांच्या आधी तिनं ओळखलं, आणि डॉक्टरकडं पहिल्यांदा तीच घेऊन गेली. हे सगळं आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कोणी तिला वाईट बाई समजेल. ती वाईट नव्हती. वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं.

मे महिना संपत आला होता. पाहुणे कमी झाले होते, समुद्र गढुळायला लागला होता. एका दुपारी काकीनं मला जेवणाच्या खोलीत बोलावलं. बघते तर एका खुर्चीला अबोलीच्या वेण्या बांधलेल्या, समोर पाट, पाटाभोवती रांगोळी. स्वयंपाकघरातल्या बायका हात पुसत बाहेर आलेल्या. मला खुर्चीत बसवलं. काकीनं हिरवी साडी अंगावर घातली, हिरव्या बांगड्या भरल्या, आणि तांदूळ, नारळ, सुपारी, खण असं सगळं माझ्या पदरात घातलं. बायकांनी ओव्या म्हटल्या. त्या दिवशी पुण्याचं एक कुटुंब राहायला होतं. त्यांच्यातल्या बाई मोबाइलवर चित्रण करत मोठ्यानं म्हणाल्या, "बघा, स्टाफला किती घरच्यासारखं वागवतात! आपल्याकडे असं राहिलंय का?" मला अगदी भरून आलं. खरंच सांगते, त्या क्षणी माझ्याएवढी भाग्यवान मीच, असं वाटत होतं.

मी पाया पडायला वाकले तर काकीनं दंडाला धरून वर उचललं.

"वाकू नको गो. आता उद्यापासून कामाचो इचार सोड. भरपूर खा, आराम कर, बाळंतपण सुखरूप होवंदे. मगे बघूया. ह्या तुजा म्हायारच आसा."

बायकांनी डोळे पुसले. मीही पुसले. आणि ओटी सावरत रिक्षानं घरी आले.

आमच्याकडे ओटी भरली की पहिलटकरीण माहेरी जाते. माझं खरं माहेर दोडामार्गाकडे, आईवडील नाहीत, भाऊ आणि वहिनी. त्यामुळे मी जाणार नव्हते. पण काकीनं मला ओटी भरून माझ्याच घरी धाडलं होतं, म्हणजे माहेराहून सासरी, उलट्या दिशेनं. साडी बदलता बदलता नवऱ्याला सगळं हौसेनं सांगत होते. तो ऐकून घेत होता. मग हळूच म्हणाला, "मगे पगाराचा काय?"

"कसलो पगार?"

"घरी रवतलंस तेवढ्या म्हयन्यांचो."

"ओटीत नारळ आसताना पगार कसो इचारू?"

आम्ही दोघंही हसलो. मग हसणं थांबलं, कारण अंगणाच्या कडेला त्याची होडी नारळाच्या झापांखाली झाकलेली दिसत होती. नवरा पर्यटकांना होडीतून फिरवतो. पावसाळ्यात होड्या बंद. दरवर्षी त्या महिन्यांत घर चालतं ते माझ्या पगारावर, कारण निवास बंद नसतो, पावसात हौसेनं येणारी माणसं असतात. यंदा माझाही पगार नसेल तर त्यानं काय करायचं हे त्यानं माझ्या आधी ठरवून ठेवलं होतं. गोव्यात एका गोदामावर रखवालदाराची जागा होती. राहणं तिथंच. म्हणजे माझ्या बाळंतपणाला तो नसता. त्यानं हे सांगितलं आणि मला पहिल्यांदा समजलं की आज ओटीत काय घालून मला घरी पाठवलंय. मी साडी नीट घडी करून पेटीत ठेवली.

एक सांगायला हवं. घरात माझ्या तोंडाला कोणी लागत नाही. मासळीवाली, रिक्षावाला, सासूबाईंची बहीण, सगळे मला वचकून असतात. पण उंबरा ओलांडून आपल्या हक्काचं काही मागायचं म्हटलं की मी मूग गिळून बसते. दुसऱ्यासाठी भांडेन, स्वतःसाठी नाही. याला लोक चांगुलपणा म्हणतात. मला माहीत आहे ती भित्रेपणाची जात आहे.

काही दिवसांनी वहिनी मला बघायला आली. ती दोडामार्गाहून रोज गोव्यात औषधांच्या कारखान्यात जाते. सकाळी कंपनीची बस येते, गळ्यात ओळखपत्र घालून ती बसते, संध्याकाळी परत. तिचा मुलगा आता दोन वर्षांचा. आल्या आल्या, पिशवीतून केळी काढता काढता तिनं सहज विचारलं, "तुजी रजा कदीपासून लागली?"

"रजा खंयची? घरीच आसंय."

"घरी म्हणजे? पगारी ना?"

पगारी म्हणजे कशी, ते मी तिलाच विचारलं. मग तिनं सांगितलं. बाळंतपणासाठी सव्वीस आठवड्यांची रजा असते, पूर्ण पगाराची. त्यातली काही आधी घेता येते, बाकीची नंतर. त्या काळात कामावरून काढता येत नाही. तिला मिळाली होती. ती हे अशा सुरात सांगत होती, जसं बस किती वाजता येते ते सांगावं. मला राग आला. तिचा नाही, त्या सहजपणाचा.

"ता गोयात. कंपनीत," मी म्हटलं.

"कायदो काय गोयाचो आसा? सगळ्या देशाचो आसा," ती म्हणाली आणि केळ्यांचा घड खुंटीला अडकवला.

नवरा दारात उभा राहून ऐकत होता. मग त्यानं त्या गोदामवाल्याला फोन करून आठवड्याची मुदत मागून घेतली, हे मी आतून ऐकलं. म्हणजे आता माझ्या जिभेवर होतं, तो बाळंतपणाला इथं असणार की नाही.

मी काकीकडे गेले. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून घरच्या फणसाचे गरे डब्यात भरून नेले. वाटेत मनात वाक्य जुळवत होते. 'काकी, एक विचारायचं होतं.' इतकंच पहिलं वाक्य, पुढचं आपोआप येईल. काकीनं मला बघितलं मात्र, आधी ओरडली, "इतक्या उन्हातसून चलत इलंस?" मग पंख्याखाली बसवलं, सोलकढी दिली, जेवायला वाढलं. ताटात माझ्या आवडीचं तिसऱ्यांचं, शिंपल्यांचं, सुकं. बाळाच्या हालचाली विचारल्या, कमरेला कोणतं तेल लावायचं ते सांगितलं. मी दोनदा तोंड उघडलं. एकदा त्यात घास गेला आणि एकदा फोन वाजला. निघताना तिनं माझ्या डब्यात तळलेले बांगडे घालून दिले. गरे नेले होते त्याहून डबा जड होऊन परत आला, आणि मी विचारायला गेले होते ते विचारलंच नव्हतं. घरी नवऱ्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ओळखलं. त्यानं बांगडा खाल्ला आणि चांगला झालाय म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वहिनीला फोनवर सांगितलं तर ती उखडली. "तू मागतंस कित्याक? मागूचा नसता, सांगूचा असता. लिहून दिवचा." आणि नीट कळत नसेल तर जिल्ह्याच्या गावी, ओरोसला, कामगार कार्यालयात जाऊन विचारून ये म्हणाली. तक्रार करू नको, नुसतं विचार.

ओरोसला आम्ही एसटीनं गेलो. नवरा सोबत होता, पण कार्यालयाच्या दारापर्यंत आला आणि म्हणाला, मी टपरीवर थांबतो. एसटीतच त्यानं मला शिकवून ठेवलं होतं की ओळखीचं कोणी दिसलं तर सांग, जिल्हा रुग्णालयात रक्त तपासायला आलोय. आणि दिसलंच. उतरताच स्टँडवर आमच्या वाडीतल्याच एक बाई भेटल्या होत्या. त्यांनी विचारायच्या आत मी सांगून टाकलं, "रगत तपासूक इलंय." कायद्यानं दिलेली गोष्ट विचारायला चाललेली बाई आणि तिचा नवरा, दोघंही चोरासारखे. त्या बाईंनी काळजीनं माझ्या पोटावरून हात फिरवला तेव्हा मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं वाटलं.

कार्यालयातल्या बाई घाटावरच्या होत्या. तरुण, पण चेहऱ्यावर दिवसभर एकच प्रश्न ऐकल्याचा थकवा. समोरची खुर्ची दाखवून म्हणाल्या, "बसा. काय तक्रार आहे?"

"तक्रार नाही, मॅडम," मी माझी शाळेतली मराठी काढली. "फक्त विचारायला आले."

"बरं, विचारा. मालक कोण तुमचे?"

"काका."

"सख्खे?"

"नाही. वाडीतले."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्याकडे कामगार किती आहेत?"

"कामगार तसे कोणीच नाहीत."

हे मी थट्टेनं म्हटलं नव्हतं. कामगार म्हणजे मुंबईच्या गिरणीतले, घोषणा देणारे, असं माझ्या डोक्यात होतं. आमच्याकडे कोणाला कोणी कामगार म्हणत नाही. काकी फोनवर सांगते, 'आमची माणसां आसत.' त्या बाईंनी पेन पुन्हा उचललं.

"मग काम कोण करतं तिथं?"

"माणसं आहेत ना आमची."

"किती माणसं?"

मी बोटांवर मोजायला लागले. स्वयंपाकघरातल्या चौघी, खोल्या झाडणारे, पाहुण्यांना पाण्यात घेऊन जाणारे, धुणंवाली, गाडीवाला. दोन्ही हातांची बोटं संपली आणि माळी राहिला.

"दहाच्या वर आहेत, दहा असले की कायदा लागतो. झालं तर," त्या म्हणाल्या. "त्यांनाच कामगार म्हणतात. तुम्हालाही."

कान तापले माझे. त्यांनी अपमान केला नव्हता. पण इतकी वर्षं मी स्वतःला काय समजत होते ते एकदम उघडं पडलं. मी स्वतःला काकीची कोणीतरी समजत होते. हिशेबाला बसलं की मी धुणंवालीच्या पुढची आणि माळ्याच्या अलीकडची होते, आणि यात लाजण्यासारखं काही नाही हे कळूनही मला लाज वाटत होती. आणि धुणंवालीच्या शेजारी बसायची लाज वाटली, याची लाज आणखी वेगळी.

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. मालकांना लेखी कळवा, डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडा, पोच घ्या. दिलं नाही तर इकडं या. "बहुतेक जण देतात," त्या म्हणाल्या. "मागितलं जात नाही, म्हणून दिलं जात नाही." उठताना मी त्यांना विचारलं, आमच्या मालकांना कळणार नाही ना मी इथं आले होते? त्या हसल्या नाहीत. नाही कळणार, एवढंच म्हणाल्या.

अर्ज मी घरी लिहिला. 'आपली नम्र' लिहू की 'आपली विश्वासू' यावर अर्धा दिवस घालवला. शेवटी दोन्ही लिहिलं.

अर्ज काकांच्या हातात दिला, कारण काकीच्या हातात द्यायची छाती झाली नाही. काकांनी चष्मा लावून वाचला. पुन्हा वाचला. "तुज्या काकीक दाखय," म्हणाले आणि बागेत पाणी बघायला निघून गेले. मग काकी आली. तिनं उभ्यानंच वाचलं. मी टेबलाच्या अलीकडे, पाहुणे उभे राहतात त्या बाजूला उभी होते. माझ्या खुर्चीवर दुसरी कोणी मुलगी बसली होती. ती लगबगीनं उठून आत गेली.

"तू कचेरीत गेलेलंस?" काकीनं विचारलं. स्टँडवरच्या बाईंनी रक्ताची चौकशी काकीकडे केली असणार. ओरोस आणि हातातला अर्ज, तिनं जोडून बघितलं; आमच्याकडे एवढं पुरतं.

"होय. इचारूक."

"माका इचारूक काय झाला होता?"

ती बरोबरच विचारत होती.

"हयसर इलंस, जेवलंस, गजाली मारलंस, आणि हयसून उठून कचेरीत गेलंस. मी तुका कदी परकी मानलंय? तुजी ओटी मी भरलंय. म्हायारात कोण पगार मागता गो?"

तिचे डोळे भरले होते. ते खोटे अश्रू नव्हते. आता, इतक्या दिवसांनी, मला उत्तरं सुचतात. माहेरात कोणी सकाळी आठला येऊन हजेरी लावत नाही. माहेरात उशीर झाला तर अर्धा दिवस कापत नाहीत. माहेरात पाहुण्यांच्या उलट्या पुसाव्या लागत नाहीत. यातलं एकही तेव्हा तोंडातून निघालं नाही. घरात तलवारीसारखी चालणारी माझी जीभ टाळूला चिकटली होती.

काकीनं पदरानं डोळे टिपले, कागदाची घडी घातली, आणि तिचा आवाज बदलला. पाहुण्यांशी बोलते तो आवाज.

"ठीक आहे. कायद्यानं जे काही तुमचं होत असेल ते आम्ही देऊ. तुम्ही काळजी करू नका."

तुमचं. तुम्ही. एवढ्या वर्षांत ती मला पहिल्यांदा अहोजाहो करत होती. मालवणीत आईलाही तू म्हणतो आम्ही. तिनं शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. मला हवं होतं ते सगळं त्या वाक्यात मिळालं होतं आणि मला तिथंच बसून रडावंसं वाटत होतं.

मागच्या दारानं निघाले तर स्वयंपाकघरातली सगळ्यांत जुनी बाई, जिला आम्ही मावशी म्हणतो, भांडी निथळत ठेवत होती. तिनं वर न बघता म्हटलं, "शोभला नाय हां तुका. तेंनी तुका काय कमी केल्यानी?" या मावशीची तिन्ही मुलं याच स्वयंपाकघरात काम करताना झाली. तिन्ही वेळा ओटी भरली, तिन्ही वेळा घरी बसली, तिन्ही वेळा नव्यानं कामाला लागली. ओटीच्या साड्या ती अजून चवथीला, गणपतीत, नेसते आणि कौतुकानं दाखवते. तिला काही सांगावं असं मनात आलं होतं. तिचं तोंड बघून मी चपला घालून बाहेर पडले.

पगार आला. पुढच्याही महिन्यात आला. काकीनं शब्द पाळला. मोबाइलवर बँकेचा निरोप वाजला की मी आधी आजूबाजूला बघायची आणि मग वाचायची. नवरा गोव्याला गेला नाही. त्या पगारावर घर चाललं, औषधं आली, आणि कळा सुरू झाल्या तेव्हा गाडी आणायला तो होता, मुलगी झाली ते नर्सनं बाहेर येऊन त्यालाच सांगितलं. एवढं सगळं मला त्या एका अर्जानं दिलं. आणि तरीही बाजारात काकी लांबून दिसली की मी मासळीच्या ओळीतून उलटी फिरायची, जणू तिचं पाकीट माझ्या पिशवीत आहे.

बाळाला बघायला सगळी वाडी येऊन गेली. काका एकटेच येऊन, उंबऱ्यातून बाळ बघून, हातावर पाकीट ठेवून गेले. काकी आली नाही. बारशालाही आली नाही. माझं लक्ष दारावर होतं. पाळण्याचं गाणं चाललं होतं आणि मी मान वर करून रस्ता बघत होते. सासूबाई म्हणाल्या, "ती येवची नाय." मी त्यांच्यावर चिडले.

ती आली चवथीच्या आधी, एका संध्याकाळी. वहिनी सुट्टी काढून माझ्याकडे आली होती, बाळाचे कपडे घडी करत पडवीत बसली होती. काकीनं दारात पाय धुतले, आत आली, खुर्चीच्या कडेला बसली. एरवी ती थेट चुलीपर्यंत जाते. पिशवीतून झबली, वेखंड, चांदीचे वाळे काढून माझ्यासमोर ठेवले.

"बाळ छान आहे हो. तुमची तब्येत बरी आहे ना?"

मी बरी आहे म्हटलं. काकी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती. माझ्या मांडीवर मुलगी चुळबुळ करत होती. मला ती शांतता सोसली नाही. कोणी मागितलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं, माझंच तोंड उघडलं. इतक्या महिन्यांत जे तोंड पगार मागायला उघडलं नव्हतं, ते आता एका दमात उघडलं.

"काकी, माका माफ करा. माजा चुकला."

काकीनं माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा सैल पडला. खुर्चीवरून उठून ती माझ्याजवळ खाली बसली, मुलीला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"जावंदे गो बाय. माज्या मनात काय नाय. रजा सोपली की ये. तुजी जागा तशीच आसा."

मला इतकं हलकं वाटलं की रडू आलं. मी तिचे आभार मानले. जागेबद्दल, जी तिला काढून घेताच येणार नव्हती. काकीनं चहा घेतला, मुलीच्या कानाला तेल घालू नको म्हणून बजावलं, चवथीला भटजी कधी येणार ते विचारलं, आणि अंधार पडायच्या आत निघाली. मुलीला खांद्यावर घेऊन मी तिला वाटेपर्यंत पोचवून आले.

परत आले तर वहिनी तशीच बसलेली. घडी घातलेली झबली तिनं एकावर एक रचून ठेवली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पगार घेतलंस ता बरा केलंस. माफी कित्याक मागलंस?"

मी भडकले. आता जीभ नीट चालली. "तुका नाय कळाचा ता. तुज्या कंपनीतली मालकीण तुका नावान तरी वळखता?"

वहिनीला लागलं ते. हातातलं दुपटं तिनं गुडघ्यावर सरळ केलं. मला वाटलं आता ती उठून बॅग भरेल.

"वळखणा नाय," ती शांतपणे म्हणाली. "म्हणान माका कोणाची माफी मागूक लागूक नाय."

तिनं ते टोमणा म्हणून म्हटलं नाही. बहुधा तिलाही त्याचं थोडं वाईट वाटत असावं. मुलगी माझ्या खांद्यावर कधीच झोपली होती, तरी तिला झोपवायचं निमित्त करून मी आत गेले. पाळण्यात ठेवलं. आणि तोंडावरची आग जाईपर्यंत भिंतीकडे तोंड करून पाळणा हलवत उभी राहिले.